आतून कडी

१७ ऑगस्ट २००६, गुरुवार

आधी दुरुस्ती. सहा तारखेला मी इथे लिहिलं की प्रज्ञाला लातूरची हवा लागली, अकरावीला मोठ्या कॉलेजात नंबर लागला म्हणून तिला मुदखेडचं घर लहान वाटायला लागलं, आणि म्हणून ती सुट्टीला येत नाही. हे चूक आहे. त्या ओळींवर एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. शाळेआधी बाबांनी मला घरीच लिहायला शिकवलं, ते कामाला होते त्या रेल्वे स्टेशनातल्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर. तिथला नियम असा की चूक गिरवून झाकायची नाही. एक रेघ, शेजारी खरं काय ते, आणि सही.

खरं असं: आज मी काम करते त्या लॅबवर प्र.चा फोन आला, एस.टी.डी. बूथवरून. विचारलं, पंधरा ऑगस्टला का नाही आलीस. म्हणाली, "ताई, मला घरी यायचंय. घरच्या संडासात जायचं नाही." मागे रांग होती म्हणून ठेवला.

— सुजाता


१८ ऑगस्ट

आमच्या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. भूकंपानंतर आईने सगळ्या काढून टाकल्या. मी अकरा वर्षांची होते, प्र. तीन. संडासात कोणी असेल तर दारावर टॉवेल टाकायचा. आणि जरा वेळ झाला की आई बाहेरून हाक मारते, "प्रज्ञा?" आतून "ओ" यायलाच हवा. दोन मिनिटांनी पुन्हा. मला याचं कधी काही वाटलं नाही. मला पाच मिनिटं लागतात.

प्र.ला बाराव्या वर्षापासून मोठ्या आतड्याला सूज. आतून जखमा, रक्त जातं. वाईट दिवसांत आठ-दहा वेळा, एकेकदा अर्धा तास. म्हणजे दिवसाला किती "ओ", हे मोजायला घेतलं आणि मध्येच सोडलं.

चार वर्षं तिचे रिपोर्ट मी स्वतः टाइप करते. हिमोग्लोबिनचा आकडा दोनदा बघते. हे मात्र एकदाही बघितलं नाही.


२० ऑगस्ट, रविवार

सकाळच्या गाडीने लातूर. बसमध्ये अर्ध्या सीटवर गाद्या, बादल्या, पोरांना सोडायला निघालेले आईबाप. कोणी ना कोणी डॉक्टर होणार.

प्र.च्या खोलीत तिघी. जूनमध्ये तिला सोडताना मी बजावलं होतं, कोणाला काही सांगू नकोस, विचारलं तर अॅसिडिटी म्हण. (हीसुद्धा माझी चूक. जूनची वही काढून तिथेही रेघ मारायची आहे.) तिने पहिल्याच आठवड्यात दोघींना सांगून टाकलं. घरमालकीण काकूंनाही. पहाटे पाच ते साडेपाच संडास हिचा, असं ठरलं आहे. काकू मला म्हणाल्या, "तुमची बहीण कशाची डॉक्टर होतीय, वकील होईल ती."

क्लासमधली गोष्ट तिनेच सांगितली, कणीस खात. नांदेडच्या पोटाच्या डॉ. मॅडमनी ते चालतं म्हटलंय का, हे मी विचारलंच. "सध्या चालतं. वहीत लिहिते, नको काळजी करू." तर: फिजिक्सच्या सरांकडे गेली आणि म्हणाली, मला दाराजवळची जागा पाहिजे, आणि मी विचारून जाणार नाही, विचारायला वेळ नसतो.

सर म्हणाले, "टेस्ट चालू असताना पण?"

"तेव्हाच जास्त, सर."

सर हसले म्हणे. जागा दिली. मी एवढी मोठी, अजून लॅबमध्ये उशीर झाला तर कारण तीनदा घोकून जाते.

मग तिने मला संडासाची कडी दाखवली. साधी, लोखंडी, रंग उडालेली. "ही लावली की मला कोणी काही म्हणत नाही. मी आत पिरिऑडिक टेबल पाठ करते."

पोटाची वही पाहिली. डॉ. मॅडमनी सगळ्या मुलांना दिली आहे. किती वेळा, रक्त, कळ, काय खाल्लं. दहावीपर्यंत प्र.ची वही मी भरायचे. आता ती भरते. र म्हणजे रक्त, क म्हणजे कळ. मी म्हटलं, हे आकडे माझ्या वेळेपेक्षा मोठे आहेत, त्रास वाढला का? म्हणाली, "नाही. तू आईसमोर विचारायचीस. मी कमी सांगायचे."

म्हणजे माझी चार वर्षांची वही चुकीची. डॉ. मॅडमना हे सांगायला हवं.

परतताना बसमध्ये तिचंच डोक्यात होतं. अभिमान होता. लिहून ठेवते.


२७ ऑगस्ट

आईकडे कडीचा विषय काढला. भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"कडी बसवायची न्हाई. या घरात न्हाई."

मी म्हटलं, प्र. म्हणून येत नाहीये.

"मग नगं येऊ."

भाकरी करपली. आईची भाकरी करपलेली मी पाहिली नव्हती. बाबा नंतर ओट्यावर म्हणाले, "तू रेटून राहिलीस. तिला रेटू नको."


३ सप्टेंबर, रविवार

दुपारी अंगणात आई शेंगा फोडत बसली होती, मी समोर. विचारलं काहीच नव्हतं.

तिचं माहेर औशाच्या पुढे. भूकंप झाला तेव्हा आई इथे मुदखेडला होती. तिकडे आजी एकटी घरात. हे आम्हाला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"मी गेले तिसऱ्या दिवशी. शेजारीण म्हणली, तुझी माय दुपारपर्यंत ओ देत व्हती. कडी आतून व्हती. चौकट दबली, दार हलंना."

मी म्हटलं, मग?

"मग ओ यायचा थांबला."

आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली. म्हणून ती हाक मारते. तेरा वर्षं आम्ही दोघी ओ देतोय आणि का ते विचारलं नाही.

आज एवढंच.


१० सप्टेंबर, रविवार

नांदेडला डॉ. मॅडमकडे पालक-मुलांची बैठक. दर महिन्याचा दुसरा रविवार. प्र. लातूरहून परस्पर आली. आईला मी आणलं. दोघी तीन महिन्यांनी भेटल्या. आईने डब्यात मऊ भात आणि वरण आणलेलं. तिथल्या बाकावर बसून प्र.ने सगळं खाल्लं आणि आई बघत राहिली.

बैठकीआधी तपासणी. डॉ. मॅडमनी आईला विचारलं, कशी आहे. प्र. म्हणाली, "मला विचारा, मॅडम," आणि वही पुढे केली. गोळी कधी चुकली तेही सांगितलं, दोनदा, दोन्ही वेळा टेस्टच्या दिवशी. मॅडम रागावल्या नाहीत, वेळ बदलून दिली. मी माझ्या जुन्या आकड्यांचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मला शंका होतीच." घरी येईपर्यंत मला हे टोचत राहिलं.

पाच घरं होती. मॅडमनी मुलांना विचारलं, घरातली एक गोष्ट बदलायची तर कोणती?

अल्फिया आठ वर्षांची. तिचे वडील फारुखभाई नांदेडलाच सुतारकाम करतात. अल्फियाची आई म्हणाली, "तिला काय नको, डॉक्टर. ती बोलत नाही."

प्र. म्हणाली, "चाची, तिला बोलू द्या की."

 मग अल्फिया जमिनीकडे बघत म्हणाली, "शाळेत बाईंना अम्मीने नको सांगायला. मी सांगते."

तिच्या आईने पदर तोंडाला लावला. रडली की हसली, कळलं नाही.

मग प्र.ची पाळी. मला वाटलं ती काहीतरी दुसरं सांगेल. उभी राहिली, आईकडेच बघत. "आई, तू बाहेरून हाक मारतेस, मला आतून ओ द्यावा लागतो. पोटात कळ असताना ओ देता येत नाही गं. मला कडी पाहिजे."

आवाज वर गेला नाही. मी खालच्या फरशीकडे बघत होते. एकाच वेळी लाज आणि अभिमान, आणि अभिमान जास्त.

आई उठून रागाने बाहेर निघून गेली. तीनच्या गाडीने प्र. परत लातूरला. सोमवारी टेस्ट. घरी आलीच नाही.


१२ सप्टेंबर

दुरुस्ती. परवा लिहिलं की आई रागाने बाहेर गेली. "रागाने" यावर रेघ.

फारुखभाई लॅबवर आले होते, अल्फियाचा रिपोर्ट न्यायला. म्हणाले, "त्या दिवशी आपा बाहेर आल्या ना, तिथल्या बाथरूमच्या दारापाशी उभ्या होत्या. दार उघडायच्या, लावायच्या. कब्जे म्हणजे बिजागऱ्या बघत होत्या. मी विचारलं, काय बघता आपा? म्हणाल्या, हे बाहेरून निघतं का?"

मला त्यांना सगळं सांगावं लागलं. आजीचंही. सांगावं की नाही याचा विचार नंतर करत बसले. पण ते ऐकत होते सुतारासारखे, मध्ये एकदा टेबलावर बोटाने चौकट काढून.

— सुजाता


२१ सप्टेंबर, गुरुवार

फारुखभाई मुदखेडला आले. पिशवीत एक नवा कब्जा, हातोडी, एक लांब खिळा.

ओट्यावर बसून आईला दाखवलं. आत्ता आमचं दार आत उघडतं. ते बाहेर उघडणारं करायचं, म्हणजे कब्जे बाहेरच्या अंगाला येतात. कब्ज्याच्या पोटात एक सळई असते. खालून खिळा लावून ठोकली की सळई वर निघते, आणि मग कडी आतून असली काय, नसली काय, दार बाहेरून उचलून काढता येतं.

"करून बघा," म्हणाले.

आईने खिळा धरला. दोन ठोक्यांत सळई निघून ओट्यावर घरंगळली. तिने ती उचलून पुन्हा घातली. पुन्हा काढली.

"गंज चढला तर?"

"तेल घालायचं, आपा. पंधरा दिवसाला."

"आन् वरून माती आली तर? चौकट दबली तर?"

फारुखभाईंनी वर छताकडे बघितलं. मग म्हणाले, "तर मी शब्द देऊ शकत नाही. पण वर पत्रे आहेत, आपा. दगड-मातीचं माळवद नाही."

खोटं बोलले असते तर आईने ओळखलं असतं, असं मला वाटतं. तिने चहा टाकला. अल्फियाने शाळेत बाईंना स्वतः सांगितलं का, हे विचारलं. सांगितलं म्हणे. मधल्या सुट्टीत, ऑफिसात जाऊन, एकटीने. सांगताना फारुखभाई हातोडीकडे बघत होते आणि हसत होते.

कडीचं मात्र आई बोलली नाही. कब्जा ठेवून घेतला. तो चुलीवरच्या फळीवर आहे, तिखटाच्या डब्याशेजारी. येता-जाता सळई काढते आणि घालते.


२६ सप्टेंबर

प्र.चा फोन. टेस्टमध्ये क्लासमधून सातवी. दोनदा उठून गेली होती तरी. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं, ज्यांना तिचं नावही माहीत नाही त्यांनाही.

दसऱ्याचं विचारलं. धम्मचक्र दिनाला ती घरी नाही असं कधी झालेलं नाही. म्हणाली, "मी इकडेच राहते, ताई. आईवर रागावून नाही. इथं पोट शांत असतं, तिथं गेले की पहिल्या दिवसापासून आखडतं. तू तिला हे पोटाचं सांगू नकोस."

मी म्हटलं, मी आता खोटं सांगत नाही.

"मग सगळं सांग. सातवी आले तेपण."


२८ सप्टेंबर, गुरुवार

सगळं सांगितलं. सातवीचं आधी.

 आईने फळीवरून कब्जा काढला, पदराने पुसला. म्हणाली, "तीस तारखेला कशाला हात लावायचा न्हाई." तीस म्हणजे भूकंपाचा दिवस, परवा शनिवारी. त्या दिवशी ती चूलही पेटवत नाही.

मी म्हटलं, मग रविवारी?

आई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. "रविवारी त्याला सुट्टी असती का?" एवढंच विचारलं.

फारुखभाईंना निरोप दिला आहे. बाबा सकाळी जुनं दार उतरवून ठेवतील. प्र.ला अजून कळवलेलं नाही. झालं तर दुपारच्या फोनवर सांगेन, म्हणजे संध्याकाळच्या बसने ती निघू शकेल आणि सोमवारी दसऱ्याला घरात असेल.

दार बसलं की आधी मी आत जाणार. कडी लावणार. आईने हाक मारली तरी ओ देणार नाही, हे तिला अगोदर सांगून ठेवलं आहे. तिच्या हातात खिळा आणि हातोडी असेल, राहवलं नाही तर दार तिनेच बाहेरून काढायचं. माझ्याच्याने गप्प राहवेल की नाही, माहीत नाही. तिला तोवर थांबता येईल का, तेही माहीत नाही. प्र.ने चार वर्षं आत बसून हाका ऐकल्या, मला एकदाच ऐकायच्या आहेत.

ठरलेली वेळ: रविवार, १ ऑक्टोबर, सकाळी नऊ.