उपवासाला चालणारा समुद्रफेस

सोलापूर,
श्रावण वद्य त्रयोदशी, १९७६

तीर्थरूप सौ. दुर्गाअक्कास,

वेणीमाधवचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहोत. हे आज लिहिता येतंय. परवा लिहिलं असतं तर खोटं ठरलं असतं. तुझा गुडघा कसा आहे? रत्नागिरीच्या पावसाने भाऊजींचा खोकला वाढला नसेल ना? (इकडे पाऊस नाही. आमच्या वाट्याचाही तुमच्याकडेच पडतो, असं तुझ्या भावजयीचं, रुक्मिणीचं, ठाम मत आहे.) आणि अक्का, मुख्य बातमी म्हणजे चिमीने अंडं घातलं. चांगलं टणक आणि पांढरंशुभ्र. आपल्या घराण्यात असलं वाक्य पत्रात लिहिणारा मी पहिलाच, पण लिहिताना डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

चिमी आणि गुंड्या ही लव्हबर्ड्सची जोडी शेजारच्या सिद्धलिंगप्पांनी बदली होऊन जाताना आईच्या हवाली केली, हे तुला मागे कळवलंच होतं. अण्णा गेल्यापासून आई ताटावर बसायची ती नुसतं अन्न चिवडायची. आता चिमीचा पिंजरा शेजारी ठेवते, तिच्याशी गप्पा मारते आणि गप्पांच्या भरात पोळीभर जास्त जेवते. (मी शेजारी बसलो तर जेवत नाही. पोटच्या पोराची ही किंमत.) म्हणून गेल्या पंधरवड्यात चिमीने पहिलं अंडं घातलं आणि ते बिनकवचाचं, नुसती पातळ पिशवी निघाली, तेव्हा मला आईचं ताटच दिसायला लागलं. आईने आधी स्नान केलं आणि मग रडली. 'अंडं' हा शब्द ती उच्चारत नाही, 'फळ' म्हणते. त्यामुळे 'फळ फुटलं रे' ऐकून रुक्मिणी आधी पपईकडे धावली.

सायकलच्या कॅरियरला पिंजरा बांधून मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत माझ्यापुढे दोन म्हशी, एक बैल आणि मागे हसणारी माणसं. डॉक्टर मात्र भला होता. म्हणाला, हिच्या अंगात चुना कमी पडतोय. पुढचं अंडं असंच मऊ राहिलं तर आतच अडकेल आणि पाखरू हाती लागणार नाही. चोचही वाढलीय. पिंजऱ्यात समुद्रफेस टांगा. ती चोच घासेल आणि चुनाही पोटात जाईल. घरी येऊन सांगितलं, तर आईचा पहिला प्रश्न : समुद्रफेस म्हणजे काय? चातुर्मास चाललाय, पिंजरा स्वयंपाकघरात असतो, समोर देव. दुकानात नीट विचारून ये.

मी काष्ठौषधीवाल्या सिद्धारामकडे गेलो. त्याने बरणीतून पांढरं, होडीच्या आकाराचं, हलकंफुलकं काहीतरी काढलं. सोवळ्यात चालेल ना, असं विचारल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "साहेब, फेस कुटला वाळतुया? हाड हाय ते, मासळीचं. तुमी फेसच म्हणा की."

अक्का, आयुष्यात मी आईशी खोटं बोललो ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा पकडला गेलो. पण खरं सांगितलं तर हाड उकिरड्यावर आणि चिमी त्याच्यामागून. आईने डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "फेसच ना रे, वेणू?" मी म्हणालो, "फेसच." समुद्राची लाट येते, फेस राहतो, उन्हात वाळतो, कोळी गोळा करतात, असं बरंच काही न विचारता सांगितलं. हे ऐकून रुक्मिणी पदर तोंडाला लावून मोरीत गेली.

पण चिमी त्याला तोंड लावेना. तीन दिवस तुकडा नुसता टांगलेला. एकादशीला सकाळी ती पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, डोळे मिटलेले. आईने उपवासाची भगर तशीच बाजूला सारली. मग उठून तो तुकडा सोडला, धुतला, समुद्रातली वस्तू आहे तेव्हा मिठासारखी उपवासाला चालते असा निर्णय स्वतःच दिला, आणि पिंजऱ्यासमोर मांडी घालून आपल्या पुढच्या दातांनी कराकरा खरवडायला लागली. "हं, बघ चिमे. असं खायचं." अक्का, एकादशी! चातुर्मास! मी तोंड उघडलं, तेवढ्यात रुक्मिणीने असा चिमटा काढला की अजून वण आहे. आईने चांगलं चमचाभर खाल्लं. आणि चिमीने एक डोळा उघडला, सरकत सरकत आली आणि चोच घासायला लागली. तिला सोबत म्हणून आई दुपारपर्यंत खात होती. द्वादशीला पारण्याआधी अंडं तयार. काल रात्री मी किती दिवसांनी पडल्या पडल्या झोपलो. आईने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझा,
वेणीमाधव

ता. क. : पत्र खरं तर याचसाठी. आई दिवाळीनंतर तुझ्याकडे येते आहे आणि फेस कसा वाळतो ते तिला किनाऱ्यावर जाऊन बघायचंय. काय वाटेल ते कर, पण तिला किनाऱ्यावर नेऊ नकोस. आणि कोणी कोळीण भेटलीच तर आधी तिला पढवून ठेव.

ता. क. दुसरा : खाली आईच्या आशीर्वादापुरती जागा सोडली आहे. तिचा चष्मा दुरुस्तीला दिलाय, त्यामुळे वर काय लिहिलंय ते तिला दिसणार नाही. निर्धास्त राहा.

चि. दुर्गास अनेक आशीर्वाद. चष्मा कालच आला, वेणूला ठाऊक नाही. करकंबला माझे आजोबा वैद्यकी करत, समुद्रफेस मी आठव्या वर्षापासून कुटलेला आहे. कशाचं हाड ते मला कोणी शिकवायला नको. पण पाखरू जगायला हवं होतं आणि घरात आणायला कोणाचा तरी होकार हवा होता, म्हणून वेणूला विचारलं. तो फेस म्हणाला, मी फेस खाल्ला, पाप त्याचं. त्याला दोन एकादश्या जास्त धरायला लावणार आहे, कारण मात्र सांगणार नाही. तूही सांगू नकोस, बिचारा कालच कुठे नीट झोपलाय. किनाऱ्यावर मला न्यायचंच. मोठी पिशवी घेऊन येते.