फायनलमध्ये वर गेलेला हात

सर,

त्या ढालीत होतं तरी काय? लाकडाची फळी, तिच्यावर पितळी पत्रा, मधोमध झेप घेतलेला खेळाडू आणि त्याचाही एक पाय मोडलेला. ती आपल्या हातून गेली त्याची खरी किंमत मी या वयात मांडून बघतोय. तुमची रोह्याच्या कॉलेजातली कोचगिरी गेली. संध्याकाळी त्या मैदानावर उभं राहायची सवय गेली. पुढं कितीतरी वर्षं पेणच्या शाळेतल्या नोकरीपायी रोहा ते पेण आणि परत, एसटीच्या मागच्या बाकावर तुमची कंबर गेली. माझं काहीच गेलं नाही. मला नाव मिळालं.

आज लिहायचं कारण, तुमची जागा पुन्हा रिकामी झाली होती. कॉलेजला कबड्डीचा नवा कोच नेमायचा होता आणि ते काम कॉलेजपेक्षा माझ्या हॉटेलात जास्त जोरात चाललं होतं. हॉटेल मैदानाच्या फाटकासमोरच. धाटावच्या कारखान्यांची पहिली शिफ्ट सुटली की बसमधून उतरलेली माणसं घरी जायच्या आधी माझ्याकडे टेकतात. त्या बसही आता माझ्याच. मी गल्ल्यावर पेपर उघडून बसतो आणि सगळ्या टेबलांचं ऐकतो. या कानांचं तुम्हाला कौतुक होतं. चढाईवाल्याचा दम तुटला की पंचाच्या आधी मला कळायचं.

नावं तीन होती. एक मुंबईचा, मॅटवर शिकवणारा, जाडजूड फायलीसकट आलेला. दुसरा पोलिसांच्या संघातून रिटायर झालेला, दारातून अंग तिरकं करून आत येणारा. तिसरी तुमची मुलगी. पेणच्या शाळेत तुमच्यानंतर मुलींचा संघ तिनंच सांभाळला.

"बाई? पोरांना पकडी बाई शिकवणार?" हा धाटावच्या कंपनीतला फिटर. एक मॅच चुकवत नाही आणि जन्मात कधी मैदानात उतरलेला नाही.

"बायको शिकवते ते गप ऐकतोस ना?" स्टँडवरचा रिक्षावाला म्हणाला.

"ते घरात. ग्राउंडवर पोलीसवालाच पायजे. नुसते डोळे वटारले की पोरं पळत येतील."

"येतील का जातील?"

हसून झालं. मग फिटरनं बशी बाजूला सारली. "मस्करी नाय. हिचा बाप कोच व्हता तवा काय झालं, ठाव हाय ना? फायनल, समोर पेणवाले, गुण बरोबरीत. पंचाला दिसलं नाय, पब्लिकला दिसलं नाय, आन् आपला पोरगा हात वर करून बाद! का, तर सरांनी शिकवलंय, हात लागला की आपणहून सांगायचं. ही पण तेच शिकवणार. परत ढाल पेणला."

"अरे, तो पोरगा कोण ते तरी बघ," रिक्षावाल्यानं गल्ल्याकडे बोट केलं. "शेठ, तुमीच बोला आता."

सर, ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल याला सुमार नाही. गडबच्या नाक्यावर चहाची गाडी लावली तेव्हापासून सांगतोय. ज्यानं भर फायनलमध्ये स्वतःला बाद दिलं तो चहात पाणी घालणार नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं. त्या नावावर पुढं गाडीचं रोह्यात हे हॉटेल झालं. तेव्हा तुमची पेणची एसटी गडबवरून जायची. तुम्ही खिडकीतून हात करायचात आणि मी चहा उतू जातोय असं दाखवून स्टोव्हकडे वळायचो. एसटी वडखळच्या दिशेला लागली की मग मान वर.

तरी मी बोललो. "व्हय, मीच तो. कुणी सांगायला लागलं नाय. हात आपसूक वर गेला. ढाल गेली, पण त्या सरांनी माणूस उभा केला. आता तुम्हीच ठरवा कोच कसला पाहिजे." कॉलेजच्या संस्थेचे सचिव कोपऱ्यात भजी खात होते. ते हात पुसत माझ्याकडे आले. "शेठ, संघाला गाडी तुमची, जेवण तुमचं. हेच मीटिंगला येऊन सांगा." मी गेलो आणि सांगितलं. फिटरलाही शेवटी पटलं म्हणे. तुमची मुलगी वर्षभरासाठी कोच झाली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण घरी येऊन चपला न काढता ओट्यावर बसून राहिलो. तीच गोष्ट सांगून सांगून आता जीव कंटाळलाय.

ती काल हॉटेलात आली. पेढे ठेवले, चहा घेतला. चालतानाची लकब थेट तुमची. "दादा, सोमवारी ग्राउंडवर या. पोरांना ती फायनल तुमच्या तोंडून ऐकू दे."

"तू का नाही सांगत?" मी उगाच म्हणालो. "सरांनी सांगितलीच असेल."

"बाबा त्यावर कधी बोलले नाहीत. पण मी होते ना तिथं. त्यांच्या पायाशी, पाण्याची कळशी धरून." तिनं कप खाली ठेवला. "कशी सांगायची ते तुम्ही ठरवा." हे ती रागानं म्हणाली नाही. गल्ल्यावरची बडीशेप घेतली आणि गेली. त्यानंतर दुपारभर मला एकाही टेबलाचं बोलणं ऐकू आलं नाही.

त्या फायनलमध्ये मी डाव्या कोपऱ्यात उभा आहे. पेणच्या चढाईवाल्याचं बोट माझ्या टाचेला लागून गेलंय. तो परत मध्यरेषेपलीकडे पोचलाय, आणि सगळं मैदान त्याच्याकडे बघतंय. रेषेबाहेरून, माझ्या पाठीमागून तुमचा आवाज येतो, "लागलाय. हात वर कर." मी समोर बघत राहतो. तुम्ही पुन्हा म्हणता. हे कान तुम्हीच नावाजलेले, सर, मला दोन्ही वेळा स्वच्छ ऐकू आलं. संध्याकाळी प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये तुम्ही सांगितलंत, "पोरानं आपणहून हात वर केला. शिकवण माझी आहे, बोलायचं ते मला बोला." ते बोलले. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं आणि घरी गेलो.

उद्या सोमवार. पोरांसमोर तोंड उघडेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून आधी इथं लिहून बघतोय. हा कागद गल्ल्याच्या खणातच राहील.

माझा हात खालीच होता, सर. कोपराला धरून तो तुम्ही वर केलात.