उत्तरेचा दरवाजा

९ जानेवारी १८९४
आलो एकदाचे थॉर्नबीला! सामान अजून दोऱ्यांत बांधलेलं आहे, पण एडिथने चूल पेटवून चहा केला, म्हणजे संसार सुरू झाला. आमचं घर नवंकोरं. चर्चच्या उत्तर दरवाजातून निघालं की पायवाट थेट आमच्या स्वयंपाकघराशी येते, तेव्हा प्रवचन संपताच गरम चहा. चर्च सातशे वर्षांचं. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाची कड पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झाली आहे. चर्चची देखभाल करणारा म्हातारा थर्लो आमच्या घराकडे बघून म्हणाला, "आजवरचे सगळे पाद्रीबाबा दक्षिणेला राहिले. ही जागा कुठल्या शहाण्याने शोधली?" खडूस आहे, पण मला आवडला.

१४ जानेवारी
आज आमच्या मेबलचा बाप्तिस्मा झाला. चार महिन्यांची पोर, त्यात आठवडाभर खोकला. इथली रीत अशी की बाप्तिस्म्याच्या वेळी उत्तर दरवाजा उघडा ठेवायचा. लेकरातून जे वाईट निघतं ते त्या वाटेने बाहेर जातं. बाहेर बर्फ पडत होता. मी दरवाजा लावायला निघालो तर थर्लो आडवा आला. "पोरीला चार शाली गुंडाळा, पाद्रीबाबा, पण दार लावू नका. ते जाणार कुठून?" मी हसलो आणि कडी स्वतःच घातली. पाणी पडताच मेबल एकदा किंचाळली. खोकला तिथेच थांबला. एडिथला आनंदाने रडू आलं.

१६ जानेवारी
भर दुपारी चर्चमध्ये कुणीतरी खोकत होतं, तान्हं मूल खोकतं तसं. उत्तरेची कडी थंडीने अडकली आहे, म्हणून दक्षिणेच्या दाराने घरी धावलो. मेबल शांत झोपली होती.

१८ जानेवारी
उत्तर दरवाजावर आतून ओरखडे आहेत, माझ्या गुडघ्याखाली. परवा नव्हते. खोकला आता मोठ्या मुलासारखा येतो. मी घाबरलो आहे. हे लिहायची लाज वाटते.

१९ जानेवारी
ओरखडे छातीपर्यंत. थर्लोला सगळं सांगितलं. त्याने टोमणा मारला नाही. "दार उघडावंच लागेल," म्हणाला, "पण मी आल्याशिवाय हात लावू नका."

२० जानेवारी, सकाळी
थर्लोचा पत्ता नाही. आत खोकला — आता पुरुषाचा, माझ्यासारखाच. थांबवेना. अडकलेली कडी हातोड्याने तोडली. काहीतरी गार माझ्या अंगावरून गेलं — गेलं. चर्च शांत आहे. देवाचे आभार. बाकावर बसून लिहितो आहे —

बर्फात पावलं उमटली आहेत. अनवाणी. रानाकडे नाही. पायवाटेने —

थर्लो धावत येतो आहे. ओरडतो आहे. "तुमच्या घराचं दार लावा —"

मीच एडिथला सांगून आलो, दार उघडं ठेव, चहाला येतोच —

मेबल खोक