रोज चारचा फोन

ता. ४ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कंपनी सोडली. अकरा वर्षं शाम्पूचा खप वाढवला. आता जरा माणसांच्या उपयोगी पडावं म्हटलं. साहेब म्हणाले, वेड लागलंय तुला. मला अभिमानच वाटला.

नवी संस्था एकट्या राहणाऱ्या वृद्धांना रोज एक फोन करते. आल्या आल्या मी शिस्त लावली: चौदा प्रश्नांचा फॉर्म, आणि ज्यांची मुलं महिन्यातून एकदा तरी फोन करतात त्यांचं नाव यादीतून बाद. खरी गरज असेल त्यालाच मिळायला हवं, नाही का?

सवड झाली की फोन करतेच. लोभ आहेच, तो माझ्या नव्या पगारासारखा आटू देऊ नकोस.

तुझी,
खारू

ता. २० ऑगस्ट

चि. खारूस,
अ. उ. आ.

पाच वेळा फोन केला, पाचही वेळा तू मीटिंगमध्ये. म्हणून पत्र. कंपनीतही मीटिंग, सेवेतही मीटिंग. मग सोडलंस नेमकं काय? राग मानू नकोस. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं मला आवडतात, तुझे बाबा तसेच होते. ते गेल्यापासून घर मोठं वाटतं, एवढंच.

शेजारच्या शिंपीणबाईंनी माझं नाव कुठल्याशा यादीत घातलंय. रोज चारला एक मुलगी फोन करते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, आता माझ्यासाठी घंटी वाजते. तिला मी फोनवरूनच स्वेटर विणायला शिकवते. परवा एक बाही एवढी लांबली की दोघी पोट धरून हसलो.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई

ता. ११ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हसावं की रडावं कळत नाही. काल अहवालासाठी फॉर्म चाळत होते. क्रमांक एकशे त्रेसष्ट: निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, पती हयात नाहीत, एकच मुलगी, समाजसेवेत असल्याने तिला सवड नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले, काय एकेक मुली असतात! मग पत्ता वाचला, आणि गडबडीत नुसतं चाळलेलं तुझं पत्र आठवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच टेबलाखाली निघाला. फार लाज वाटते गं, आई.

आजपासून रोज चारला मीच फोन करीन. म्हणजे नियमाप्रमाणे तुझं नावही निघेल.

तुझी,
खारू

ता. १९ नोव्हेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

आठ फोन आले, एकही चुकला नाही. जेवलीस का, गोळी घेतलीस का, झोप लागते का. चौदा प्रश्न ओळीने, सहा मिनिटांत. ती मुलगी फॉर्म बाजूला ठेवायची, तू तो पाठ केला आहेस. तुझा आवाज ऐकून बरं वाटतंच गं. पण तिचा फोन बंद झाला, आणि तिची दुसरी बाही अर्धी राहिली आहे.

तेव्हा तू फोन करू नकोस, माझं नाव पुन्हा घाल. तू ये. नियम मी शिंपीणबाईंकडून दोनदा वाचून घेतला. त्यात फोन करणाऱ्या मुलांबद्दल आहे, घरी येणाऱ्यांबद्दल एक अक्षर नाही.

चारला पोचलीस तर चहा तुझा तू करून घे. मी फोनवर असेन.

लाभार्थी क्र. १६३, म्हणजे तुझी,
आई