माझा मेंदू आणि सोमवारचं पापलेट

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्याऐंशी किलो! काल शेजारच्या बारशाला विजयमाला नणंदबाई चार बायकांत म्हणाल्या, "माझा भाऊस काडी झालाय, न ही बघा! त्याच्या वाट्याचाबी हीच खाते." मी हसले. घरी येऊन रडले.

खरं काय ते मलाही कळत नाही. भूक नसली तरी पातेलं पुसून खाते. हावरट आहे का मी?

बेलापूरच्या एका कॉलेजात तपासणी चालू आहे — जेवणाचे फोटो दाखवतात आणि त्या वेळी मेंदू काय करतो ते मशीन बघतं. जाडी माणसं पाहिजेत, बारीकही पाहिजेत. आम्ही नवरा-बायको म्हणजे त्यांना लॉटरीच! दोघांची नावं दिली. माझा दोष नाही असा कागद मिळाला तर फ्रेम करून नणंदबाईंच्या हॉलमध्ये लावीन.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज उपाशीपोटी फोटो. मशीन म्हणजे पांढरं भुयार, आत मी — कोंबून बसवलेली. नुसती धडधड! सोनल नावाची पोरगी माइकवरून म्हणाली, "काकू, हलू नका, फक्त बघत राहा."

केक, पिझ्झा... आणि एकदम तळलेलं पापलेट! रवा लावलेलं! वार कोणता? सोमवार! आमच्या करावे गावात माझ्या घरी सोमवारी मासळीचं नावसुद्धा नाही. गच्च डोळे मिटले. जरा किलकिले केले तर कोलंबी! पुन्हा मिटले, ते शेवटपर्यंत. मनातल्या मनात महादेवाची माफी मागितली.

माझ्यानंतर हे आत जाऊन आले. कसं वाटलं विचारलं, तर "थंडी वाजली." संपलं!

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज आधी भरपेट जेवण, मग फोटो. ताट तिथंच दिलं — चार चपात्या, पनीर, डाळभात, दोन गुलाबजाम. "सगळं संपवायचं हं!" सोनल म्हणाली. यांना दुसऱ्या खोलीत बसवलं. मी वाटी चाटून पुसून ठेवली. मशीनमध्ये पापलेट आलं — आज बुधवार, डोळे फाडून बघितलं! तोंडाला असं पाणी सुटलं की गिळायची चोरी.

यांचं आटोपल्यावर बाहेर आलो. यांनी खिशातून रुमाल काढला. आत दोन चपात्या आणि चेपलेले गुलाबजाम. "घे."

माझं पोट टम्म. पण टाकायचं कसं? खाल्लं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अर्धा किलो वाढलं. विज्ञानासाठी!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सोनलनं समजावलं — पोट भरलं की मेंदूची खाण्याकडची ओढ कमी व्हायला हवी. काहींची होत नाही, त्यात त्यांचा दोष नसतो. "पण काकू, तुमचं उलटंच! उपाशी असताना थंड, आणि जेवल्यावर सगळं पेटलेलं. असं आम्ही बघितलंच नाही."

दोष नसतो! कागदासाठी हात पुढे केला — आणि खोटं पचेना. सोमवारचे मिटलेले डोळे सांगून टाकले.

सोनलनं कपाळाला हात लावला. "निदान काका तरी," म्हणत यांची फाइल उघडली. तर यांचा मेंदू जेवणानंतरही उपाशी माणसासारखा! "काका, ताट संपवलंत ना?"

हे चपलांकडे बघत बसले. रुमालातलं मीच सांगितलं.

दोघंही बाद! नणंदबाईंचं तोंड आता कोण बंद करणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

पापलेटचं कालवण केलं. नेहमीसारखं यांना आधी वाढलं, मी नंतर जेवणार. हे दीड भाकरी खाऊन उठायला लागले, चांगले तुकडे पातेल्यात तसेच. रोजचंच आहे. आज मनगट धरलं — भूक आहे ना? मग उठता का?

मान खाली. "तू मांगून जेवतेस. मी सगला खाल्ला, त तुला काय राहील गो?"

अठ्ठावीस वर्षं! हे माझ्यासाठी ठेवत होते. आणि मी, यांना नको झालं, आता वाया जाईल, म्हणून संपवत होते.

समोर बसवलं. माझंही ताट वाढून घेतलं. यांनी साडेतीन भाकऱ्या खाल्ल्या. माझं दीडात भागलं.