हलवलं की नक्कल केली?

वडीगोद्री,
११ मार्च

तीर्थस्वरूप राधाकिसनमामांच्या पायाशी भाचा भागवत याचा दंडवत.

इकडं आम्ही सगळे जित्ते आहोत, यापेक्षा जास्त खुशाली लिहिण्यासारखी न्हाई. मामीचे गुडघे कसे आहेत? नवी म्हैस बराबर दूध देऊन राह्यली का? मोसंबीला पाणी पुरतंय ना? खरं तर फोनच करणार होतो, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आन दुकानासमोर अख्खी आष्टी उभी असते. ही गोष्ट आष्टीनं ऐकण्यासारखी न्हाई, म्हणून कागद घेतला.

आपल्या मंगल कार्यालयाच्या तारखा एका जुन्या प्रोग्राममधी आहेत. तो लिहून देणारा माणूस पुण्याला गेला आन त्याचा नंबर बंद आहे (तो सुखी असो). प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चालतो. मागच्या वर्षी जुना कॉम्प्युटर कायमचा बसला, तेव्हा जालन्याहून नागसेनला बोलावलं. नागसेन म्हणजे आपले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. बोलतो कमी, सुस्कारे जास्त टाकतो. त्यानं नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवला. एक चौकट उघडली की आत जुनं विंडोज चालू होतं, तोच जुना पडदा, तीच तारखांची वही. आन हे सगळं यंत्र म्हणजे शेवटी एक फोल्डर. "आधी बंद करा, मंग फोल्डर उचला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठिवा, तिथं उघडतंय," नागसेन म्हणला. त्याच्यानंतरही तो बराच वेळ बोलत होता, पण माझं ध्यान 'उचला'पाशीच अडकलं होतं.

आता बुकिंगचे फोन साधना घेते, घरून, अंबडहून. (मला फोनवर कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई, हे मामीनं तिला आमच्या लग्नातच सांगितलं होतं.) ती तारखा डायरीत लिहायची. दिवाळीनंतर मी तिला म्हणलो, डायरी बंद कर, तुझ्या लॅपटॉपवर अख्खी वही आणून देतो. पहिल्या खेपेला यंत्र बंद न करताच फोल्डर उचललं, ते लॅपटॉपवर उघडेचना. नागसेनला फोन केला, तर म्हणतो, "भाऊ, चालत्या जीपचं चाक काढू राह्यले का?" दुसऱ्या खेपेला पेनड्राईव्ह म्हणाला, फाइल लई मोठी आहे. पेनड्राईव्ह रिकामा होता, पण त्याच्याशी कोण वाद घालणार. तिसऱ्या खेपेला नागसेनची हार्डडिस्क आणली, सकाळी कॉपीला लावली ती दुपारच्या जेवणापर्यंत चालली, आन लॅपटॉपवर यंत्र उघडताना त्यानं मला इंग्रजीत विचारलं, की मला हलवलंय का माझी नक्कल केलीय?

मामा, मी खरं बोललो. नक्कल केली, म्हणलो. तर त्यानं स्वतःला नवीन नंबर घेतला, आन आतला प्रोग्राम म्हणाला, मी ह्या कॉम्प्युटरला ओळखत न्हाई. उघडलाच न्हाई. (पुण्यावाल्यानं तो जुन्या नंबरला बांधून ठिवलेला.) मंग सगळं पुसलं, परत कॉपी केली, परत तोच प्रश्न. ह्या वेळी म्हणलो, हलवलं. बिलकुल खोटं. पण वही लगेच उघडली. खरं बोललं की दार बंद आन खोटं बोललं की उघडं, मंग माणसानं काय शिकावं?

मी समजून चाललो, की आता ती तिकडं लिहील ते मला इकडं दिसेल. एका वहीची दोन तोंडं. चार महिने आम्ही दोघं मन लावून लिहीत राह्यलो.

शनिवारी तीर्थपुरीचे काकासाहेब आठ माणसं घेऊन आले आन स्टेज मोजायला लागले. सव्वीस एप्रिल आमची, म्हणाले, बाईंनी फोनवर दिलीय. मी वही उघडली. सव्वीसला दुसऱ्याच पार्टीचं नाव, माझ्या हातानं टाकलेलं. काकासाहेबांना तसं सांगायला तोंड उघडलं आन तोंडातून निघालं, "तुमचीच आहे, चहा घ्या."

साधना माहेरी गेल्ती. रविवारी घरी जाऊन तिचा लॅपटॉप उघडला, तिथं सव्वीसला काकासाहेबच. म्हणजे दोन वह्यांतली एक खोटी. कोणती, ह्याचा मी शांतपणे विचार केला आन तिची ठरवली. तिचं यंत्र पुसलं, डिस्कवरूनसुद्धा, आन त्याच जागी माझं टाकलं. त्यानं विचारलं तेव्हा परत म्हणलो, हलवलं. साधनाला अजून काही बोललो न्हाई. कुणाची वरात रस्त्यानं गेली तरी कार्यालयाचं दार लावून घेतो.

बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार.

आपला,
भागवत

ता. क. : ती दुसरी पार्टी म्हणजे तुम्हीच. अर्पिताचं लग्न एक दिवस मागं-पुढं झालं तर सुमितरावांकडची माणसं समजून घेतील का? पत्रिका अजून छापायला दिल्या नसतील तर बरं. तुमचा भाचा तुमच्याशिवाय कुणापुढं हात जोडणार?

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आत साधना माहेरून आली आन तिनं पत्र वाचलं. मला वाटलं रागावेल, पण ती खुर्चीवर बसली आन हळू आवाजात म्हणाली, "मामींनी जानेवारीतच फोन केल्ता. सुमितरावांना एप्रिलात सुट्टी न्हाई, म्हणून तारीख बदलून घेतली. म्हणून तर सव्वीस रिकामी झाली. मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणले, वहीत टाक." नवीन तारीख तिला आठवत न्हाई. डायरी मीच बंद करायला लावल्ती. म्हणजे भांडण नव्हतंच, आन खरी वही पुसली गेली. नागसेनला फोन केला. त्याच जागी परत भरल्यावर आता काही निघणार न्हाई, म्हणला, आन लांब सुस्कारा टाकला.

तर वरची विनंती रद्द समजावी. अर्पिताचं लग्न आता कधी आहे, तेवढं मामीला कळू न देता लिहा. शिवाय साधना म्हणते, फोनवरच्या अजून अकरा पार्ट्या त्यात होत्या, त्यातल्या चार आष्टीकडच्या. नावं आठवत न्हाईत. गावात कुणाचं लग्न वडीगोद्रीला ठरलंय का, ते बघा, पण विचारताना माझं नाव काढू नका. आन स्पीकर बंद ठिवा.