वाड्यावरची शिकवणी

५ जानेवारी २००४, सोमवार

कर्तृत्व लिहून द्या म्हणे! प्रिन्सिपॉल मॅडमनी आज सगळ्या शिक्षकांना कोरे कागद वाटले. वर्षभरात शाळेच्या वेळेबाहेर आपण काय काय गाजवलं ते लिहायचं. स्नेहसंमेलनाच्या पुस्तिकेत फोटोसकट छापणार. आणि ज्याचं कर्तृत्व मोठं, तो जूनपासून उपमुख्याध्यापक.

म्हणजे मीच. दुसरं आहे कोण? शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची तेव्हापासून मी इथे मराठी शिकवतेय. पावसात खडूसुद्धा ओले व्हायचे. हे पद मला हवंय, अगदी हवंय. सासूबाईंसमोर एकदा तरी 'बढती' हा शब्द मोठ्याने उच्चारायचाय.

६ जानेवारी

स्टाफरूममध्ये दिवसभर साहित्यनिर्मिती!

भिमाजी सर नववीची सहल घेऊन शिवनेरीवर गेले होते. येताना पोरांना वेफर्सची पाकिटं उचलायला लावली, तीही चौकीदार ओरडला म्हणून. कागदावर काय? 'गडसंवर्धन मोहिमेचे यशस्वी नेतृत्व.' विज्ञानाच्या प्रांजल मॅडम त्यांच्या वरताण. 'संगणक साक्षरता अभियान.' शाळेत संगणक एक, त्याच्यावर कव्हर, आणि ते कव्हर शनिवारी झटकायचं काम यांच्याकडे. झालं अभियान!

मी लिहिलं — मंचरच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मार्गदर्शन. आमची मुलगी शेवटून दुसरी आली, ते नाही लिहिलं. विचारलं कुठे होतं?

गणिताच्या गोरक्ष सरांचा कागद एका ओळीचा. 'शनिवार-रविवार वाड्यावर मुलांना शिकवतो.' संपलं! या माणसाला फुगवताही येत नाही. त्यांच्या चुलत्याचा मेंढ्यांचा वाडा आहे. दिवाळीनंतर आज या गावच्या रानात, उद्या त्या. खत मिळतं म्हणून शेतकरीच बोलावून मेंढ्या बसवतात. कळपाबरोबर बायकापोरंही हिंडतात, पोरांची शाळा बुडते. त्यांना शिकवायला हे जातात. सोमवारी सरांच्या शर्टाला वास येतो तो त्याचाच.

मी म्हटलं, "सर, मेंढ्या तरी म्हणतात का पाढे?"

"मेंढ्यांचं पक्कं हाय, बाई. तुमच्या आठवीचं तेवढं कच्चं हाय."

आठवीची वर्गशिक्षिका मी, त्यामुळे सगळे माझ्यावरच हसले. आगाऊ!

९ जानेवारी

आज पोट दुखेपर्यंत हसलो. प्रिन्सिपॉल मॅडम पुण्याच्या, पेठेत वाढलेल्या. वाडा म्हटलं की त्यांना दिंडीदरवाजा आणि सागवानी खांब दिसतात. त्यांचा समज झाला की सर कुठल्या तरी जुन्या वाड्यात खोली घेऊन खासगी शिकवण्या करतात! आणि शिकवण्यांना तर आमच्या संस्थेत बंदी. सरांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आले ते डोकं खाजवतच.

"वाड्याचं भाडं किती, म्हणत्यात. म्हणलं, म्याडम, त्यो रानात आसतो. तर म्हणल्या, म्हणजे फार्महाउस? म्हणलं, आज निरगुडसरला हाय, परवा उठून दुसऱ्या गावाला जाईल. तर म्हणल्या, शाखा किती आहेत?"

भिमाजी सरांना चहाचा ठसका लागला.

१२ जानेवारी

हसू जिरलं. कमिटीचा निर्णय होईपर्यंत शाळेत यायचं नाही, असं सरांना सांगितलंय. म्हणजे काढलंच.

सरांचं आता मॅडम ऐकून घेत नाहीत. आमच्यातल्या कोणी जाऊन एक वाक्य सांगायचं, 'अहो, मेंढ्यांचा वाडा!' बस. कोण सांगणार? "आपण कशाला मधे पडायचं?" — इति गडसंवर्धनाचे नेते. प्रांजल मॅडमनी मान हलवली. शूर मंडळी!

मीही गेले नाही. मनात काय आलं ते इथे तरी लिहिते — चला, एक नाव कमी झालं.

१३ जानेवारी

आठवीच्या गणिताच्या तासाला मला बसवलं. "बाई, सर कधी येणार?" एका मुलीने विचारलं. तिच्यावर उगाच खेकसले.

१८ जानेवारी, रविवार

राहवेना. मॅडम बाहेरच्या, त्यांना कळायचं नाही. पण संस्थेचे अध्यक्ष सावळेराम आप्पा इथलेच, शेतकरी. त्यांच्या मळ्यात गेले. आप्पा ओट्यावर बसून कांद्याचं रोप मोजून घेत होते. मी एका दमात बोलले. आप्पा ऐकत राहिले, मग खदखदून हसले.

"बाई, वाडा म्हंजे काय त्ये मला शिकवता व्हय? मागल्या आठवड्यात माझ्याच रानात बसला व्हता!" हाताने दाखवलं. लेंड्या अजून पडलेल्या. "गोरक्ष हितंच लिंबाखाली पोरं घिऊन बसायचा. लई जीव लावून शिकवतो."

"मग?"

"मग काय? आमची पुतणी, तेजस्विनी, औंदा बीएड झाली. तिचं गणितच हाय. जागा नको का व्हायला? म्याडम आपसूक चुकल्यात, तर चुकू द्या." आतून चहा आला. "आन त्या उपमुख्याध्यापकासाठी तुमचंच नाव हाय. आता गप ऱ्हावा."

मी चहा प्यायले. "बरं," म्हणाले.

बरं! इतकी वर्षं जगाला नावं ठेवणारी मी, आणि तोंडातून निघालं काय, तर 'बरं'. लाज वाटली. रस्त्याला लागल्यावर आनंदही झाला, तोही लपवत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर माझं नाव पुकारलं. शाल, नारळ, टाळ्या. भिमाजी सरांनी सगळ्यात जोरात वाजवल्या, ढोंगी. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. नवीन तेजस्विनी मॅडम माझ्या पाया पडली. पोरगी गोड आहे, तेवढं मात्र खरं.

२९ जानेवारी

गोरक्ष सर घरी येऊन गेले. आईने दिलंय म्हणून नवं कोरं घोंगडं आणलं होतं. "आप्पांनी सांगितलं मला. एवढ्या मास्तरांत माझ्यासाठी भांडाया तुमी एकट्याच आल्ता, बाई." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

घोंगडं मी ठेवून घेतलं.